चुन्याखालच्या चार ओळी

मी बरी झाले, हे आधीच सांगून टाकते. आजारपणावरचं कुणाचं लिखाण हातात आलं की मी स्वतः शेवटचं पान आधी उघडायची, लिहिणारी जगली की मेली ते बघायला. ज्यांच्या घरात सध्या कुणाचं तरी ताट वेगळं मांडलं जातंय त्यांना वाट बघायचा दम नसतो, हे मला माहीत आहे. तेव्हा ऐका. मला टी.बी. झाला होता. पाच महिने दवाखान्यात काढले, दीड वर्ष गोळ्या घेतल्या, आणि आज नऊ वर्षांनी रोज शाळेत जाऊन चौथीच्या पोरांवर ओरडते. खोकला येत नाही.

पण आजाराइतकंच मला चार ओळींबद्दल सांगायचं आहे. त्या मीच लिहिल्या होत्या, आणि त्यांच्यावर माझं फार प्रेम होतं.

मंडळीची कवयित्री

आमचं गाव भंडाऱ्याकडच्या शहापूरच्या अलीकडे, हायवे सोडून आत. गावात ख्रिस्ती घरं वीस-बावीस. आमचं छोटं देऊळ आहे, आम्ही प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणतो, आणि गावाबाहेर तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून कबरस्थान. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, रविवारी देवळात शब्बाथशाळेच्या मुलांची बाई, आणि मंडळीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजात, कवयित्री. नाताळचं नाटुकलं, कुणाच्या लग्नाचं गाणं, जाणाऱ्या पाळकसाहेबांचा निरोप, सगळं माझ्याकडे. पण माझा खरा मान कबरस्थानात होता. कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं माणूस माझ्या दारात उभं राही. “सुमनबाई, दगडावर चार ओळी पाह्यजेत जी.” मी दिवस मावळायच्या आत देत असे. आमच्या कबरस्थानातून कुणी फिरलं तर तो माझा कवितासंग्रहच होता म्हणायचा.

लीला आमच्याच मंडळीतली. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा विजय. तो सहा वर्षांचा असताना गोवर निघाला आणि आठ दिवसांत गेला. त्याच्यासाठी मी लिहिलं होतं:

*देवाच्या बागेतील कळी ही देवानेच खुडली,*
*मातेच्या ओटीतून स्वर्गीच्या हाती दिधली।*
*रडू नको गे माते, पूस डोळ्यांतले पाणी,*
*बाळ तुझे गातसे आता देवदूतांची गाणी॥*

मंडळीच्या मासिकात ही कविता छापून आली. दोन गावांहून पत्रं आली. ‘दिधली’ हा शब्द सुचला तेव्हा तर मी स्वतःवरच खूश झाले होते.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळी घरं कबरस्थानात जातात. गवत काढायचं, कबरींना चुना द्यायचा, चाफ्याची फुलं ठेवायची, म्हणजे रविवारी पहाटेच्या भक्तीला सगळं पांढरंशुभ्र. पहिल्याच ईस्टरला मी पाहिलं, विजयच्या दगडावर चुना इतका जाड बसला होता की माझ्या ओळी बुजून गेल्या होत्या. नाव आणि वय तेवढं दिसत होतं. मला वाटलं, लीला बिचारी, चुना कालवायचा अंदाज नाही तिला. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम गेले, केसांतला आकडा काढला आणि एकेक अक्षर कोरून मोकळं केलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. असं पाच वर्षं चाललं. मला त्या कामाचा कंटाळा आला नाही. खरं सांगायचं तर आवडायचं.

बशी

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत धरलेला खोकला दिवाळीपर्यंत सुटला नाही. दुपारी अंग तापायचं, फळ्यावर लिहिताना हात जड व्हायचा. आधी सितोपलादी झालं, मग अडुळसा झाला, मग सासूबाईंनी ओव्याची धुरी दिली. शेवटी ह्यांनी राइस मिलमधून सुटी काढली आणि मला भंडाऱ्याला नेलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. माझी छाती अशी परक्या माणसाच्या हातात लटकलेली बघून मला आधी लाजच वाटली. “हे पांढरं दिसतंय ना,” डॉक्टर म्हणाले, “हे असायला नको होतं.” एवढंच. मग ते ह्यांच्याशी बोलत राहिले आणि मी खिडकीतून बाहेर सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे बघत राहिले. त्याने चाकातून काटा काढला, रबर लावलं, हवा भरली. मला अजून ते सगळं क्रमाने आठवतं. डॉक्टर काय म्हणाले त्यातलं काही आठवत नाही.

परत येताना आम्ही बसस्टँडसमोर चहा घेतला. लग्न झाल्यापासून आमची रीत होती, एक कप मागवायचा, मी बशीत ओतून अर्धा प्यायचा आणि उरलेला त्याच बशीतून ह्यांनी. ह्यांनी सवयीने बशीला हात घातला. मी ती हिसकावली. चहा ह्यांच्या शर्टावर सांडला. हॉटेलवाला बघायला लागला.

“काहून वं?” हे म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. “दुसरी बशी आन गा,” त्यांनी पोऱ्याला सांगितलं, आणि शर्ट पुसायचंही विसरले.

मला टी.बी. आहे हे मला डॉक्टरांनी सांगितलं, पण कळलं ते त्या दुसऱ्या बशीमुळे.

वॉर्ड

टी.बी.चा दवाखाना गावाबाहेर होता. लांबलचक कौलारू इमारत, पुढे व्हरांडा, व्हरांड्यापुढे कडुलिंबाची झाडं. बायकांच्या वॉर्डात चौदा खाटा. सकाळी डबे गोळा व्हायचे, थुंकीचे, झाकणवाले. मग इंजेक्शनची रांग. मग दूध आणि उकडलेलं अंडं. दुपारी पडून राहायचं. चारला ताप बघायचा. तापाच्या कागदावरची रेघ वर गेली की सगळा वॉर्ड त्या बाईशी जरा हळू बोले.

इंजेक्शनचं एकदा कबूल करून टाकते. मी सुईला मरणाची भिते. पहिल्या दिवशी सिस्टर सुई उकळत्या पाण्यातून काढताना दिसली आणि मी रांगेतून निघून थेट झाडापाशी गेले. पस्तीस वर्षांची बाई, शाळेतली शिक्षिका, पदर खोचून पळाले. मला धरून आणायला जी आया आली ती लीला होती.

ती त्या दवाखान्यात कामाला आहे हे मला माहीत होतं, पण कुठे, काय काम करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. “चला बाई,” ती म्हणाली, “मी हात धरून ठेवतो. तिकडं पाहू नोका, माह्याकडं पाहा.” असं नव्वद दिवस तिने माझा हात धरला. सकाळी माझा डबाही तीच न्यायची.

नवीन येणाऱ्या बायांना मी सांगत असे, आणि आता तुम्हालाही सांगते, पहिला महिना सगळ्यांत वाईट. आजारामुळे नाही. तुम्ही घरी कुणालाच लागत नाही, सगळं तुमच्यावाचून चाललंय, हे पहिल्या महिन्यात कळतं म्हणून.

घर

हे दर रविवारी भक्ती आटोपून सायकलने येत. व्हरांड्यात बाकावर बसत, मध्ये एक हात जागा सोडून. सोबत रेखा, आमची नऊ वर्षांची मुलगी. तिला आत यायची परवानगी नव्हती. ती कडुलिंबाखाली उभी राहून हात हलवी, मीही हलवत असे. एवढीच भेट.

सासूबाई आल्या नाहीत. त्यांनी माझं ताट-वाटी रॉकेलच्या डब्यात उकळून फडताळाच्या वर ठेवून दिली होती आणि गावात सांगितलं होतं की सुमनला टायफॉइड झालाय. टायफॉइडला पाच महिने लागतात यावर गावाने विश्वास ठेवला की नाही देव जाणे.

एका रविवारी रेखा डोक्याला फडकं बांधून आली. वाऱ्याने फडकं सरकलं. तिचे केस मुलासारखे कापलेले होते. माझी रेखा, कमरेपर्यंत दोन वेण्या होत्या तिच्या, रोज मी घालत असे.

“आईनं कापले,” हे खाली बघत म्हणाले. “वेण्या घालणं होत नाही म्हणे तिच्यानं. हात दुखतेत.”

“मला विचारलं का?”

“तुले काय विचाराचं, सुमन. तू इथं हायेस.”

मी त्यांना जा म्हटलं. खरंच म्हटलं, जा. आणि ते गेलेही. त्या आठवड्यात मी सासूबाईंना मनात जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थनाही करत होते. दोन्ही एकाच तोंडाने चालू होतं. पुढे कधीतरी ह्यांच्याकडून कळलं की सासूबाईंची धाकटी बहीण ह्याच आजाराने गेली होती, तेव्हा औषध नव्हतं, आणि तिचे केस विंचरायला ह्याच बसत. हे मला आधी सांगितलं असतं तर? तरी चिडलेच असते. पण कमी.

माझंच औषध

जानेवारीत एका सकाळी डब्यात लाल दिसलं. मग आठ दिवस दिसत राहिलं. औषध लागू पडत नसावं, असं डॉक्टर सिस्टरशी बोलताना मी ऐकलं. त्या आठ दिवसांत मी मरणार आहे याची मला खात्री होती. मरणाची भीती कशी असते हे मी इतक्या वेळा कवितेत लिहिलं होतं, त्यातल्या कशासारखीच ती नव्हती. ती जेवायला बसलं की यायची.

पाळकसाहेब भेटायला आले. भला माणूस, नगरकडचा, माझ्याहून लहान. स्टुलावर बसून त्यांनी प्रार्थना केली, मग पिशवीतून मंडळीच्या मासिकाचा जुना अंक काढला. “सुमनबाई, तुमच्याच शब्दांनी तुम्हाला धीर द्यावा म्हणतो,” असं म्हणून त्यांनी माझी एक कविता वाचली. शेजारच्या मंडळीतल्या एका बाईसाठी लिहिलेली. तीत नदी होती, पैलतीर होता आणि ‘भिऊ नको’ तीनदा होतं.

मी डोळे मिटून ऐकत होते. माझं औषध मलाच पाजलं जात होतं आणि ते साखरेचं पाणी होतं. कविता संपली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. “किती सुंदर,” ते म्हणाले. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

ते गेल्यावर मी शाळेच्या वहीत लिहिलं:

*प्रभू, आज स्वर्ग नको.*
*चारचा ताप तेवढा उतरव.*
*रेखाच्या डोक्यावर ऊन लागतं,*
*कुणीतरी तिला टोपी दे.*
*स्वर्गाचं मग बघू.*

यमक नव्हतं. मला लाज वाटली आणि मी पान दुमडून ठेवलं. डॉक्टरांनी औषध बदललं. दहाव्या दिवशी डबा स्वच्छ निघाला. लीलाने तो उजेडात धरला, मला दाखवला आणि घेऊन गेली.

पार्वता

माझ्या शेजारच्या खाटेवर पार्वता होती, आंबागडच्या पायथ्याच्या गावातली, एकोणीस वर्षांची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिची माय खाटेखाली चटई टाकून राही. म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं. दुपारी ती मोह कसा वेचायचा ते मला सांगायची आणि मी तिला शाळेच्या गमती.

फेब्रुवारीत एका दुपारी, ताप बघायच्या वेळेच्या जरा आधी, पार्वता गेली. म्हातारी ओरडली नाही. तिने मुलीच्या पायातली जोडवी काढायला घेतली आणि ती निघेनात, म्हणून ती त्यांच्याशीच बोलत राहिली, “निघ ना वं, निघ ना.”

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी वही काढली. अर्ध्या तासात चार ओळी झाल्या. लीला खाट पुसायला आली तेव्हा पान फाडून तिच्यापुढे धरलं.

“म्हातारीला दे. जाताना वाचून दाखव तिला.”

लीलाला वाचता येत होतं, आमच्याच देवळात बायांच्या वर्गात शिकलेली. ती उभ्या उभ्या वाचायला लागली. मग थांबली.

“कळीच हाय का इथंबी?”

“म्हणजे?”

“नोको द्या बाई हे तिले.” तिने पान माझ्या चादरीवर ठेवलं आणि खाट पुसायला लागली. “मी नाही वाचून दाखवणार.”

मला राग आला. आजारी होते तरी राग यायचा राहत नव्हता. “का? काय वाईट आहे त्यात? विजयच्या दगडावर लिहिलं तेव्हा तर तू...”

“मी काय जी? मी काही बोलली का तेव्हा?” फडकं बादलीत पिळत ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तिसरा दिवस होता. माहं डोकं ठिकानावर नोव्हतं. दगडावर काय कोरून राहिले, मले समजलंबी नाही. मंग पाहिलं. ‘रडू नको गे माते.’ काहून नोको रडू जी? माहं लेकरू मेलं, मी रडू नोको? अन् थे दगडावर कोरलं, मी जवाजवा जाईन तवातवा मले वाचाले. देवानं कळी खुडली म्हने. देवाले कळ्या कमी पडल्या होत्या का?”

तिने फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

“अन् गाणी! माह्या विज्याले गाणं येतच नोव्हतं बाई. शब्बाथशाळेत सारे पोट्टे गात, हा खिडकीतून म्हशी पाहे. तुमीच त्याचा कान पिरगाळला होता. आठवते का?”

आठवत होतं.

“मंग दर वर्सी चुना घोटूनघोटून जाड केला अन् भरून टाकला त्याच्यात. बोटानं दाबूदाबू भरला. पन पोळ्याच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस रायते, तवा जाऊन पाहो त अक्षरं पुन्हा उघडी! ढळढळीत! दर वर्सी.” ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. “मले वाटे, देवच उघडून राहिला. देवाले तुमच्या ओळी लय आवडत असतीन. मी बुजवतो म्हून देव माह्यावर चिडला असन. पाच वर्सं झाली, मी प्रभुभोजनाले बसली नाही बाई, त्याच्यापायी. तुमाले मालूम नाही.”

खरंच माहीत नव्हतं. भाकर आणि द्राक्षरस फिरवला जाई तेव्हा लीला मागे दाराशी उभी असायची. मला वाटे, तिला कामावर जायची घाई असेल.

मी तेव्हा गप्प बसू शकले असते. आजारी माणसाचं सगळं माफ असतं. आणि सांगितलं तर उद्या सकाळी इंजेक्शनच्या वेळी माझा हात कोण धरणार, हाही विचार माझ्या मनात आला, तोही सांगून टाकते.

“लीला,” मी म्हटलं, “तो देव नव्हता. मी होते.”

“काय?”

“अक्षरं मी उघडत होते. दर वर्षी. आकड्याने.”

तिने बादली उचलली आणि गेली.

चार दिवस

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काम चोख. डबा नेला, चादर बदलली, इंजेक्शनला हातसुद्धा धरला, पण नजर दुसरीकडे. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण मी दरवर्षी चौथीला वाक्यात उपयोग करून लिहायला देते. त्या चार दिवसांत माझाच वाक्यात उपयोग झाला.

मी पार्वताच्या मायला काहीच दिलं नाही. ती निघाली तेव्हा मी तिच्यासोबत फाटकापर्यंत गेले, तेवढंच. फाटकाशी ती म्हणाली, “पोरीले मोह वेचाले लय आवडे.” मी म्हटलं, “हो, तुम्ही सांगितलं होतं.” तिने माझ्या गालावरून हात फिरवला. टी.बी.च्या बाईच्या गालावरून, उघड्या हाताने. सुईच्या वेळचा लीलाचा हात सोडला तर तीन महिन्यांत मला कुणी असा स्पर्श केला नव्हता आणि मी तिथेच उभी राहून हमसाहमशी रडले.

वहीत मी आता वेगळंच लिहायला लागले होते:

*सकाळी माझा डबा ती नेते*
*झाकण लावून, तोंड न फिरवता.*
*प्रभू, तुझे हात कसे होते मला ठाऊक नाही.*
*तिच्या हातांना फिनाइलचा वास आहे.*

पाचव्या दिवशी इंजेक्शनच्या रांगेत लीला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. रांग दोन बायांनी पुढे सरकली.

“आकड्यानं?” ती म्हणाली.

“आकड्याने.”

“पाच वर्सं?”

“पाच वर्षं. दोन आकडे वाकले.”

तिच्या तोंडातून आधी नुसता ‘फिस्स’ असा आवाज आला, मग ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली. “अन् मी म्हनो देव!” असं म्हणून पुन्हा हसली. मीही हसले, खोकला आला, सिस्टर ओरडली. त्या दिवशी सुई कधी टोचली ते मला कळलंच नाही.

मग मी तिला ते विचारलं जे सहा वर्षांपूर्वी, दारात कुणी ओळी मागायला आलं तेव्हाच विचारायला हवं होतं. “विजय कसा होता गं?”

मार्चअखेर मला सुटी मिळाली. तोवर रोज दुपारी ती सांगत होती.

शनिवार

घरी आले तेव्हा सासूबाईंनी माझं ताट फडताळावरून काढून चुलीपाशी ठेवलेलं होतं. रेखाचे केस मानेपर्यंत आले होते. संध्याकाळी चहा झाला. मी बशीत ओतून अर्धा प्यायले आणि बशी खाली ठेवणार, तोच ह्यांनी ती उचलून उरलेला पिऊन टाकला, सासूबाईंसमोर. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, “डॉक्टरलेच विचारून आलो मी. चूप बस.” लग्नात ह्यांनी मला काय काय दिलं ते आता आठवत नाही, पण तो चहा मी विसरणार नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी हे मला सायकलवर मागे बसवून कबरस्थानात घेऊन गेले. लीला चुना कालवत होती. तिने डबा माझ्यापुढे सरकवला.

मी दगडापाशी मांडी घालून बसले आणि बोटाने चुना घेऊन अक्षरांत भरायला लागले. ‘कळी’ बुजवली. ‘दिधली’ बुजवली, तिथे बोट जरा अडखळलं. ‘रडू नको’ सगळ्यांत जाड भरलं. चुन्याने बोटं चरचरत होती. शेवटी नाव राहिलं, विजय, आणि वय, सहा.

“रिकामं वाटते,” लीला म्हणाली.

शाळेचे तक्ते लिहायचा ब्रश आणि काळा रंग मी पिशवीत आणला होता. “तू सांग,” मी म्हटलं, “मी लिहिते.”

तिने फार विचार केला नाही. मी लिहिलं: *याला म्हशी आवडत.*

रविवारी पहाटेच्या भक्तीनंतर मंडळीच्या पंचांपैकी दोघं कुरकुरले. कबरीवर म्हैस म्हणजे काय, लोक काय म्हणतील. पाळकसाहेबांनी दगडापाशी वाकून ओळ वाचली. मग म्हणाले, “राहू द्या.” त्याच सकाळी प्रभुभोजन होतं. भाकर फिरली तेव्हा लीला माझ्या शेजारी बसलेली होती.

रंग पावसात धुऊन जातो, आणि पुढच्या ईस्टरला नवा चुना बसतो. म्हणून आम्ही दरवर्षी नवी ओळ लिहितो. एका वर्षी *पायात चप्पल टिकत नसे.* एका वर्षी *अंधारात आईचा पदर धरी.* गेल्या वर्षी लीलाला काही आठवेना, तेव्हा आम्ही *आज काही आठवले नाही* असंच लिहिलं, आणि त्यावरून ती दिवसभर बेचैन होती. आता इतर घरंही मला बोलावतात. मी ओळी देत नाही. ब्रश घेऊन जाते आणि विचारते.

यंदा चुना देऊन झाला, आम्ही पाळीवर हात धूत होतो. लीला म्हणाली, “अन् तुमच्यावर काय लिवाचं जी, बाई?”

सवय वाईट. एका क्षणात माझ्या डोक्यात चार ओळी तयार झाल्या, यमकासकट. मी त्या गिळल्या. “तूच सांग.”

तिने ओले हात पदराला पुसले. “लिवीन का, ‘सुई पाहून पळत जाये. मंग हात धरला का उभी राहे.’”

मी हसले. मग हसता हसता रडायला लागले, चांगली मोठ्याने, पाळीवरच्या बायका वळून बघेपर्यंत. लीला माझ्या शेजारी बसून राहिली. रडू नका, असं ती काही म्हणाली नाही.